प्रश्नाचा अर्थ लावणे हीही विद्याच आहे

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकांची जाळी बांधण्याच्या म्हणजे नेटवर्किंगच्या परीक्षांविषयी इंग्रजीच्या शिक्षकाने बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. मी अभियंता नाही. परंतु आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले-मुली गेली काही वर्षे ह्या परीक्षांना बसत आहेत, आणि माझ्याकडे ती जी अडचण घेऊन येतात ती बहुधा यंत्राची नसते, वाक्याची असते. "सर, राउटर मला चालवता येतो; पण प्रश्नात नेमके काय हवे होते तेच कळले नाही," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्यांच्याबरोबर बसून मलाही हा विषय थोडाफार शिकावा लागला. त्या अभ्यासातून जे हाती आले ते आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम पालकांसाठी दोन शब्द. आपले संगणक, फोन, बँकेचे यंत्र, रेल्वेचे तिकीटघर ही सर्व एकमेकांशी बोलतात ती जाळ्यामुळे. हे जाळे उभारणारे व सांभाळणारे लोक लागतात, आणि त्यांची पात्रता तपासण्यासाठी काही कंपन्या व संस्था परीक्षा घेतात. सिस्को कंपनीची सीसीएनए ही त्यांतली सर्वपरिचित परीक्षा. तिची वेळ १२० मिनिटे. 'सीसीएनए २००-३०१' ही एकच परीक्षा फेब्रुवारी २०२० पासून सुरू झाली. तिचे शुल्क ३०० डॉलर, म्हणजे कर धरता पंचवीस हजार रुपयांच्या पुढे. नापास झाल्यास पुन्हा बसता येते, पण पुन्हा पूर्ण शुल्क भरूनच. आपल्या मुहल्ल्यात पंचवीस हजार रुपये म्हणजे काय, हे मी आपणांस सांगण्याची गरज नाही. कुणाच्या अब्बांनी ओव्हरटाइम केलेला असतो, कुणाच्या अम्मीने भिशीची पाळी आधी मागून घेतलेली असते. अशा पैशांची परीक्षा दोन-तीन प्रश्नांचा अर्थ चुकीचा लागल्यामुळे हातची जावी, ही गोष्ट सोसण्यासारखी नाही. आणि ती टाळता येण्यासारखी आहे, हेच मला आज सांगावयाचे आहे.

ह्या परीक्षांत निवडीचे प्रश्न असतात, तसेच प्रात्यक्षिकही असते. पडद्यावर राउटर-स्विचचा नकाशा येतो, बाजूला काही वाक्यांत काम सांगितलेले असते आणि विद्यार्थ्याने आज्ञा टाइप करून ते काम पुरे करावयाचे असते. आपल्या दहावीच्या परीक्षेत आणि ह्या प्रात्यक्षिकात एक मोठा फरक आहे. दहावीच्या पेपरात शंका आली तर आपण "असे गृहीत धरून" असे लिहून पुढे जातो. तपासणारा माणूस असतो, तो हेतू ओळखतो, अर्धे गुण देतो. येथे आपण काय गृहीत धरले हे लिहावयाला जागाच नाही. शेवटी यंत्र कोणत्या स्थितीत आहे, एवढेच पाहिले जाते. शिवाय सीसीएनएमध्ये एकदा पुढच्या प्रश्नाकडे गेलात की मागे येता येत नाही. "नंतर बघू" ही आपली जुनी सवय येथे चालत नाही. म्हणून अर्थ लावण्याचे काम त्याच जागी, दोन-चार मिनिटांत, शांत डोक्याने करावे लागते.

आता संदिग्धता येते कोठून, ते पाहू. एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. ह्या परीक्षांचे प्रश्न बाहेर सांगणार नाही, अशी कबुली प्रत्येक उमेदवाराला द्यावी लागते. म्हणून मी देणार ती सर्व उदाहरणे माझी मी रचलेली आहेत. कोणत्याही परीक्षेतून घेतलेली नाहीत.

पहिले उदाहरण 'ओन्ली' ह्या छोट्या शब्दाचे. प्रश्न असा आहे असे समजा: व्यवस्थापकाच्या संगणकाला 'ओन्ली' वेब सर्व्हरकडे जाण्याची परवानगी द्या. इंग्रजीत हा शब्द बोलताना वाक्यात कोठेही बसतो आणि ऐकणारा संदर्भाने समजून घेतो. लेखी प्रश्नात मात्र घोटाळा होतो. येथे आपली मातृभाषा मदतीला येते. मराठीत आपण 'च' लावतो, उर्दूत 'ही' लावतो, आणि तो ज्या शब्दाला लागतो त्याच शब्दाला बांधलेला राहतो. आता हे वाक्य मनात मराठीत म्हणून पाहा. "व्यवस्थापकाच्या संगणकालाच वेब सर्व्हरकडे जाऊ द्या" म्हणजे इतर कोणी त्या सर्व्हरकडे जाता कामा नये. व्यवस्थापक मात्र इतरत्र कोठेही जावो. "व्यवस्थापकाच्या संगणकाला वेब सर्व्हरकडेच जाऊ द्या" म्हणजे बंधन व्यवस्थापकावर आले. त्याने दुसरीकडे जाता कामा नये, इतरांविषयी काहीच म्हटलेले नाही. आणि "वेब सर्व्हरकडे वेबसाठीच जाऊ द्या" हा तिसरा अर्थ. त्यात यंत्र एकच, पण सेवा मर्यादित. तीन अर्थांना तीन वेगळ्या अ‍ॅक्सेस लिस्ट लागतात, म्हणजे कोणाला येऊ द्यावे व कोणाला अडवावे ह्याच्या तीन वेगळ्या याद्या.

मग कोणता अर्थ धरावा? इंग्रजी वाक्यात 'ओन्ली' हा शब्द नेमका कोणत्या शब्दाला चिकटून आहे ते पाहावे, आणि मग पुढचे वाक्य वाचावे. पुढे जर "बाकी सर्व वाहतूक चालू राहिली पाहिजे" असे लिहिले असेल तर इतरांना त्या सर्व्हरची वेबसेवा तेवढी बंद करावयाची आहे. त्यांनी त्या सर्व्हरला पिंग केले तर ते चालले पाहिजे. ह्याच ठिकाणी आणखी एक खड्डा आहे. सिस्कोच्या अ‍ॅक्सेस लिस्टच्या शेवटी "बाकी सर्वांना मनाई" अशी एक ओळ न लिहिताही असते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण यंत्र ती पाळते. विद्यार्थी अडवावयाचे ते बरोबर अडवतो आणि "बाकी सर्वांना परवानगी" ही शेवटची ओळ लिहावयाची राहते. परिणामी सगळेच जाळे बंद पडते. "बाकी सर्व वाहतूक" हे शब्द परीक्षकाने शोभेसाठी घातलेले नसतात. ती एक स्वतंत्र मागणी असते.

हाच 'च' आणखी एका जागी उपयोगी पडतो. दोन स्विचमधील मुख्य दुव्याला ट्रंक म्हणतात. त्यावरून व्हीएलॅन, म्हणजे एकाच स्विचवर पाडलेले वेगळे गट, ये-जा करतात. समजा १० आणि २० ह्या व्हीएलॅनना आधीच परवानगी आहे आणि प्रश्न म्हणतो, "व्हीएलॅन ३० ला ह्या ट्रंकवरून जाऊ द्या." त्याचा अर्थ ३० लाही जाऊ द्या, की ३० लाच? सिस्कोच्या आज्ञेत 'अ‍ॅड' हा शब्द घातला तर ३० यादीत मिळवला जातो. 'अ‍ॅड' न घालता नुसता ३० लिहिला तर जुनी यादी पुसली जाते आणि ३० एकटाच उरतो. म्हणजे मराठीतल्या 'ही' आणि 'च' यांमध्ये जेवढा फरक, तेवढाच फरक त्या एका शब्दाने यंत्रात होतो. प्रश्नात "फक्त" असे म्हटलेले नसेल तर जे आधी चालू आहे ते चालूच ठेवावे. घरात नवा नळ घ्यावयास सांगितलेल्या प्लंबरने जुने नळ तोडू नयेत, इतकी ही साधी गोष्ट आहे.

दुसरा प्रकार आकड्यांचा. 'अ‍ॅट लीस्ट' म्हणजे किमान आणि 'अ‍ॅट मोस्ट' म्हणजे जास्तीत जास्त. पाचवीच्या गणितात हे शब्द येतात, पण परीक्षेच्या घाईत पदवीधरही ते उलटे वाचतो. समजा, "किमान ५० यंत्रांना पत्ते मिळतील असे सर्वांत लहान सबनेट निवडा" असे विचारले. सबनेट म्हणजे पत्त्यांचा एक सलग तुकडा. त्यांचे आकार ठरलेले असतात: ३२, ६४, १२८ असे. प्रत्येकातील पहिला पत्ता जाळ्याच्या नावाचा आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्याचा, म्हणून वापरावयाचे पत्ते दोनाने कमी: ३०, ६२, १२६. पन्नासांसाठी ६२ चा तुकडा, म्हणजे /२६. येथे कुणी शंका काढील की ५० मध्ये राउटरचा स्वतःचा पत्ता धरला आहे की नाही? धरला तर ५०, न धरला तर ५१. दोन्ही ६२ मध्ये बसतात. जेथे दोन्ही अर्थांचे उत्तर एकच येते तेथे शंकेवर वेळ घालवू नये.

परंतु ५० च्या जागी ३० आले की शंका खरी होते. ३० पत्ते /२७ मध्ये बरोबर बसतात; ३१ लागले तर /२६ घ्यावे लागते. आता नाम पाहावे. प्रश्नात "३० होस्ट पत्ते" असे शब्द असतील तर होस्ट पत्ता म्हणजे त्या जाळ्यावरील कोणत्याही यंत्राला देता येणारा पत्ता. त्यात राउटरचाही आला, आणि /२७ पुरते. "३० संगणक" असे म्हटले असेल आणि नकाशात त्याच जाळ्यावर राउटरचे टोक वेगळे दाखवले असेल, तर पत्ते ३१ लागतात. मित्रहो, क्रियापदाइतकेच नामाकडे लक्ष द्या. संगणक, होस्ट, पत्ता, जाळे हे शब्द ऐकावयास जवळचे वाटले तरी त्यांचे अर्थ एक नाहीत.

तिसरा प्रकार काळाने निर्माण झालेल्या संदिग्धतेचा आहे. एका जाळ्याचे तीन बिट घेऊन किती तुकडे होतात? जुन्या पुस्तकांत उत्तर ६ आहे, नव्या पुस्तकांत ८. पूर्वी पहिला व शेवटचा तुकडा वापरू नये असा संकेत होता, म्हणून आठातून दोन वजा करीत. डिसेंबर १९९५ मधील आरएफसी १८७८ ह्या दस्तऐवजाने ती रीत कालबाह्य ठरवली, आणि सिस्कोच्या यंत्रप्रणालीच्या १२.० ह्या आवृत्तीपासून तो पहिला तुकडा आपोआप वापरता येऊ लागला. तसेच दोन राउटरांना थेट जोडणाऱ्या दुव्यासाठी कमीत कमी पत्ते किती लागतात? पिढ्यानपिढ्या उत्तर /३० होते, म्हणजे चार पत्ते, त्यांतले दोन वापरावयाचे. डिसेंबर २००० मधील आरएफसी ३०२१ नंतर अशा दुव्यासाठी /३१ ही चालते. दोनच पत्ते आणि दोन्ही कामाचे. मग "कमीत कमी पत्ते वाया जावेत" असे विचारले तर काय लिहावे? नकाशा पाहावा. नकाशात एका टोकाला .१ आणि दुसऱ्या टोकाला .२ हे पत्ते आधीच दिलेले असतील तर ते दोन्ही एका /३१ मध्ये बसूच शकत नाहीत, कारण /३१ च्या जोड्या .० व .१ आणि .२ व .३ अशा पडतात. म्हणजे उत्तर /३० हेच. नकाशात पत्ते नसतील व मनाई नसेल, तर शब्दशः पाहता /३१ योग्य. सांगावयाचा मुद्दा असा की वाक्यातली संदिग्धता पुष्कळदा चित्राने मिटते, आणि घाबरलेला विद्यार्थी चित्राकडे पाहतच नाही. दुसरा मुद्दा ग्रंथालयासाठी: ह्या विषयाचे पुस्तक घेताना ते कोणत्या वर्षीचे आहे ते पाहून घ्यावे.

चौथा प्रकार यंत्राच्या चालू स्थितीमुळे होतो. ओएसपीएफ नावाच्या पद्धतीत एका जाळ्यावर अनेक राउटर असले की त्यांच्यातून एक प्रमुख निवडला जातो. त्याला डेझिग्नेटेड राउटर म्हणतात. ज्याचा प्राधान्य-अंक मोठा तो प्रमुख. हा अंक ० पासून २५५ पर्यंत असतो, आणि कुणी बदलला नाही तर १ असतो. प्रश्न म्हणतो, "पहिला राउटर प्रमुख असला पाहिजे." विद्यार्थी त्याचा अंक २५५ करतो आणि खूश होतो. परंतु ही निवड वर्गातल्या मॉनिटरसारखी आहे. एकदा मॉनिटर नेमला की नंतर त्याच्याहून हुशार मुलगा वर्गात आला म्हणून पहिल्याची मुदत संपत नाही. तिसरा राउटर आधीच प्रमुख असेल तर निवड नव्याने व्हावी म्हणून ती प्रक्रिया पुन्हा सुरू करावी लागते. "असला पाहिजे" ह्या शब्दांचा अर्थ "अंक मोठा असावा" असा होत नाही. आत्ता पाहिले तर तोच प्रमुख दिसला पाहिजे असा होतो. आणि "दुसरा व तिसरा कधीही प्रमुख होता कामा नये" असे म्हटले असेल तर त्यांचा अंक ० करावा लागतो. उलट "पहिला बंद पडल्यास दुसऱ्याने जागा घ्यावी" असे असेल तर दुसऱ्याला ० देणे ही चूक ठरेल. 'असावा', 'होऊ नये' आणि 'जागा घ्यावी' ही तीन क्रियापदे तीन निराळी कामे सांगतात.

क्रियापदांचा विषय निघाला म्हणून एक मौजेची हकीकत सांगतो. शब्दांच्या ह्या गोंधळाचा त्रास केवळ आपल्या मुलांनाच होतो असे नाही. इंटरनेटचे नियम ज्या दस्तऐवजांत लिहिले जातात त्यांना आरएफसी म्हणतात. ते लिहिणारे जगातले नामवंत तज्ज्ञ; त्यांच्यातही 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' ह्या शब्दांवरून वाद होऊ लागले. अखेर मार्च १९९७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील स्कॉट ब्रॅडनर यांनी आरएफसी २११९ लिहून ह्या शब्दांचे अर्थ ठरवून दिले. 'मस्ट' म्हणजे सक्ती. 'शुड' म्हणजे करावेच, पण सबळ कारण असल्यास व परिणामांचा विचार करून सोडता येईल. 'मे' म्हणजे ऐच्छिक. तरीही प्रश्न उरला: हे शब्द साध्या वाक्यात आले तरी हाच अर्थ धरावा काय? त्याचा खुलासा मे २०१७ मध्ये आरएफसी ८१७४ ने केला, की मोठ्या अक्षरांत लिहिले असतील तरच हा खास अर्थ. पाहा, ज्यांनी इंटरनेट घडवले त्यांना एका क्रियापदासाठी दोन दस्तऐवज लिहावे लागले! तेव्हा आपल्या मुलाला प्रश्न कळला नाही म्हणून त्याला मठ्ठ समजण्याचे कारण नाही.

परंतु परीक्षेत सावध राहा. प्रश्नपत्रिकेतला 'शुड' हा बहुधा नम्र भाषेतला हुकूमच असतो. "ह्या संगणकाला त्या सर्व्हरपर्यंत जाता 'शुड' आले" असे लिहिले म्हणजे ते ऐच्छिक आहे असे समजून सोडून देऊ नये. मागणी म्हणूनच ते पुरे करावे.

मित्रहो, आता रीत सांगतो. ती सोपी आहे, पण सवयीने अंगी बाणते.

पहिली गोष्ट: हात कीबोर्डवर ठेवण्यापूर्वी प्रश्न शेवटपर्यंत वाचा. "स्थिर मार्ग वापरू नयेत", "दुसऱ्या राउटरवर काही बदल करू नये" अशी बंधने पुष्कळदा शेवटच्या ओळीत असतात. निम्मे काम झाल्यावर ती ओळ दिसली तर केलेले काम उलगडण्यातच वेळ जातो.

दुसरी गोष्ट: मागण्या मोजा. "करा", "अडवा", "चालू ठेवा", "जतन करा" अशी जेवढी क्रियापदे, तेवढ्या मागण्या. परीक्षाकेंद्रात खरडण्यासाठी पाटी देतात. तिच्यावर १, २, ३ असे आकडे घाला आणि काम होईल तसा एकेक खोडा. "जतन करा" ही मागणी विशेष लक्षात ठेवा. सिस्कोच्या यंत्रात चालू मांडणी निराळी आणि यंत्र सुरू होताना वाचली जाणारी मांडणी निराळी. जतन न केलेले काम यंत्र बंद होताच नाहीसे होते. रेड हॅटची आरएचसीएसए ही लिनक्सची परीक्षा तर संपूर्ण प्रात्यक्षिकच आहे, आणि तिच्यात केलेली मांडणी यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही टिकलीच पाहिजे, असा स्पष्ट नियम आहे.

तिसरी गोष्ट: काहीही बदलण्यापूर्वी यंत्राची सध्याची स्थिती पाहा. मगाशी सांगितलेले ट्रंकचे आणि मॉनिटरचे उदाहरण आठवा. आधी काय आहे हे न पाहता केलेला बदल म्हणजे पत्ता न विचारता टाकलेले पत्र.

चौथी गोष्ट: इतके करूनही दोन अर्थ उरलेच, तर तीन कसोट्या लावा. दोन्ही अर्थ एकदम पुरे करणारी मांडणी शक्य आहे काय? असेल तर तीच करा. नसेल, तर कोणता अर्थ धरल्याने प्रश्नातले दुसरे एखादे वाक्य निरर्थक ठरते? तो अर्थ टाका, कारण परीक्षक शब्द उगाच खर्च करीत नाही. त्यानेही निकाल लागला नाही, तर कोणत्या अर्थासाठी आपल्याला कागदावर नसलेली गोष्ट मनाने घालावी लागते ते पाहा, आणि तोही अर्थ टाका. "खऱ्या कार्यालयात असे कुणी करणार नाही" हा विचार हुशार आणि अनुभवी मुलांनाच जास्त नडतो. प्रश्नात सांगितले तेवढे करावे. न सांगितलेली सुधारणा करू नये.

पाचवी गोष्ट: विचारण्याची सोय असेल तेथे विचारा, पण नीट विचारा. सिस्कोची सीसीआयई ही वरची परीक्षा १९९३ पासून चालू आहे. तिचे प्रात्यक्षिक आठ तासांचे असते आणि तेथे देखरेखीला असणाऱ्या अधिकाऱ्याला प्रश्नाच्या शब्दांविषयी खुलासा विचारता येतो. "माझे बरोबर आहे का?" असे विचारले तर तो उत्तर देणार नाही. "ही अट फक्त ह्या शाखेला लागू आहे की दोन्ही शाखांना?" असे विचारले तर काही हाती लागण्याचा संभव आहे. ज्याने स्वतः दोन अर्थ वेगळे करून पाहिले आहेत, त्यालाच असा प्रश्न विचारता येतो. सीसीएनएच्या केंद्रात मात्र पर्यवेक्षक विषयाबद्दल काहीही सांगू शकत नाही. तेथे आपली आपणच सोडवणूक करावयाची.

आणि शेवटची गोष्ट: एखादा प्रश्न खरोखरच सदोष असू शकतो. माणसांनीच ते लिहिलेले असतात. त्या एका प्रश्नावर चिडून पंधरा मिनिटे घालवली तर पुढचे चार सरळ प्रश्न बुडतात. सर्वांत साधा अर्थ धरा, काम करा, तपासा आणि पुढे चला.

आता एका कटू विषयाकडे वळतो. परीक्षेतले प्रश्न फसवे असतात अशी समजूत पसरली की मुले 'डम्प' नावाच्या चोरीच्या प्रश्नसंग्रहांकडे वळतात. बाजारात ते सहज मिळतात. "सर, सगळेच वापरतात," असे मला तोंडावर सांगितले गेले आहे. हा अप्रामाणिकपणा आहे हे तर उघडच. पकडल्यास निकाल रद्द होतो, मिळालेले प्रमाणपत्र काढून घेतले जाते, पुढे परीक्षेला बसण्याची बंदी येऊ शकते. पण मी आज व्यवहाराची बाजू सांगतो. असल्या संग्रहातली उत्तरे कुणी लिहिलेली असतात? बहुधा अशाच कुणा घाईतल्या परीक्षार्थीने. म्हणजे जो प्रश्न संदिग्ध, त्याचेच उत्तर चुकीचे असण्याचा संभव सर्वांत जास्त. शिवाय नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेब जे काम सांगतो ते कोणत्याही प्रश्नपत्रिकेहून संदिग्ध असते. "जरा त्या शाखेचे बघून घे" एवढेच तो म्हणतो. पाठ केलेल्या उत्तरांचा तेथे काय उपयोग? ज्याने सांगितल्या वाक्याचे दोन अर्थ ओळखले आणि "साहेब, आपल्याला हे हवे की ते?" असे अदबीने विचारले, त्याच्यावर साहेबाचा विश्वास बसतो.

पालकांना माझी विनंती आहे की मुलगा किंवा मुलगी नापास होऊन घरी आली तर "पैसे बुडाले" हा पहिला शब्द तोंडातून काढू नका. "कोठे अडलास? कोणत्या शब्दावर?" असे विचारा. आपणांस राउटर कळत नसला तरी चालेल. भाड्याच्या करारात, बँकेच्या अर्जात, रेशन कार्डाच्या फॉर्मात एका शब्दाने काय उलथापालथ होते ते आपण पाहिलेले आहे; तो अनुभव मुलांना सांगा. आणि आपली मुले मराठी किंवा उर्दू माध्यमात शिकली म्हणून ती ह्या परीक्षांत मागे पडणार, असे मानू नका. प्रश्न इंग्रजीत येतो हे खरे. पण 'च' कोठे लावावयाचा हे ज्याला कळते, त्याच्याजवळ इंग्रजी वाक्य तपासण्याचे एक जादा साधन आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक उपक्रम सुचवतो. सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे सरावाचे साधन त्यांच्या नेटवर्किंग अ‍ॅकॅडमीमार्फत मोफत मिळते. महागडी यंत्रे विकत घेण्याची गरज नाही. दोघांनी जोडी करा. एकाने इंग्रजीत दोन-तीन वाक्यांचा प्रश्न लिहावा, दुसऱ्याने तो आधी मातृभाषेत लिहून काढावा आणि मगच यंत्रावर सोडवावा. उत्तर जुळले नाही तर चूक सोडवणाऱ्याची की लिहिणाऱ्याची, यावर खुशाल वाद घाला. संदिग्ध प्रश्न कसा जन्मतो हे स्वतः प्रश्न लिहिल्याशिवाय कळत नाही. संस्थेने शाळेची संगणक-खोली रविवारी दोन तास ह्यासाठी उघडी ठेवावी अशी माझी व्यवस्थापक मंडळाला नम्र विनंती आहे. इंग्रजीच्या बाजूने लागेल ती मदत करण्यास मी तयार आहे.

आम्हां शिक्षकांवरही ह्यात एक जबाबदारी येते. आपण वर्गात उत्तरे पुष्कळ लिहून घेतो, पण प्रश्न वाचावयास क्वचितच शिकवतो. पाचवीपासून आठवड्याला एक तास मुलांनी फक्त प्रश्न वाचावा, त्यातल्या मागण्या मोजाव्यात, बंधने खाली रेघ मारून दाखवावीत आणि उत्तर लिहूच नये, असा पाठ घेता येईल. त्याचा फायदा नेटवर्किंगला जाणाऱ्या चार मुलांपुरता राहणार नाही. जो अर्ज भरील, जो करार वाचील, जो न्यायालयाची नोटीस हातात घेईल, त्या प्रत्येकाला तो होईल.

 ज्या विद्यार्थ्यांची परीक्षा जवळ आली आहे त्यांनी मेळावा संपल्यावर मला अवश्य भेटावे. येताना स्वतः लिहिलेला एक प्रश्न बरोबर आणावा.

जयहिंद!